घर रिकामे झाले आणि खंड्या घाबरला

‘आम्ही राजारामपुरीत एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा खंड्या गावठी आहे, वय चार वर्षे. पिल्लू असताना मुलाने त्याला रंकाळ्याजवळून उचलून आणले होते. जूनपर्यंत आमचे घर कधी रिकामे नसे, कारण सासूबाई दिवसभर घरातच असत. आता त्या नणंदेकडे साताऱ्याला राहायला गेल्या आहेत, मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला आहे आणि मी एका पतसंस्थेत पुन्हा नोकरी धरली आहे. यजमान गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यामुळे सकाळी दहा ते सायंकाळी सहा खंड्या एकटा असतो. आम्ही बाहेर पडलो की तो विव्हळत बसतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. दाराची चौकट त्याने ओरबाडून ठेवली, यजमानांची चप्पल चावली आणि दारापाशी लघवी करू लागला. यजमान म्हणतात, तो मुद्दाम सूड उगवतो, त्याला गच्चीवर साखळीने बांधू. दीर म्हणतात, सोबतीला दुसरे पिल्लू आणा. कोणी झोपेची गोळी सुचवते. मी काय करावे?’ – एक वाचक, कोल्हापूर

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचल्यावर माझे लक्ष आधी एकाच तपशिलाकडे गेले. खंड्याने चौकट ओरबाडली. दिवाणखान्यातला सोफा, स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली किंवा गादीवरची उशी यांना मात्र त्याने हात लावल्याचे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. केवळ कंटाळलेला कुत्रा घरभर उद्योग करतो आणि बहुधा सुरुवात कचऱ्याच्या बादलीपासून करतो, कारण तिथे काहीतरी खायला मिळण्याची शक्यता असते. ज्या कुत्र्याला एकटेपणाची धास्ती बसलेली असते, त्याची सगळी धडपड मात्र तुम्ही ज्या वाटेने गेलात त्या वाटेवर, म्हणजे दार, चौकट, उंबरा आणि खिडकीचे गज यांच्याभोवती चाललेली असते. यजमानांच्या चप्पलेला त्यांचा वास असतो, म्हणून ती तोंडात धरली गेली असणार. यालाच पशुवैद्य ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. तुमच्या घरात ती कशी उद्भवली असावी हेही पत्रावरून जवळजवळ उघड आहे: चार वर्षे ज्याने रिकामे घर पाहिलेच नव्हते, त्याच्या घरातली तीन माणसे एकाच हंगामात एकामागून एक दिवसभरासाठी किंवा कायमची बाहेर पडली.

यजमानांच्या सूडाच्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ती शंका मनात राहिली तर पुढचे कोणतेही उपाय नीट होणार नाहीत. तुम्ही परत आल्यावर खंड्या कान पाडून, नजर चुकवून, अंग चोरून कोपऱ्यात जात असेल, तर ‘आपण काय केले ते त्याला कळते आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमके हेच तपासले होते. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याची मालकांना कधी खरी तर कधी खोटी माहिती देण्यात आली. तो ‘अपराधी’ चेहरा गुन्ह्याशी जुळत नव्हता, मालकाच्या रागावण्याशी जुळत होता, असे त्यातून दिसले. इतकेच नव्हे, तर काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो अधिक ठळक होता. खंड्याला तुमचा आवाज आणि चेहरा समजतो. सकाळी साडेदहाला ओरबाडलेल्या चौकटीसाठी सायंकाळी सहाला बोलणी बसत आहेत, हा हिशेब त्याला लागत नाही. त्याला एवढेच कळते की माणसे जातात तेव्हा भीती वाटते आणि परत येतात तेव्हाही वाटते. त्यामुळे रागावणे आजपासून बंद, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला एकदा पशुवैद्यांकडे न्यावे आणि शक्य झाल्यास लघवीची तपासणी करून घ्यावी. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा कुठे दुखणे असले तर घरात लघवी होऊ शकते आणि आपण उगाच मनाचा आजार समजून बसतो. तुम्ही घरात असतानाही तो लघवी करतो का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट करायला सोपी असूनही बहुतेक जण करत नाहीत. घरात एखादा जुना मोबाइल असेलच. तो शोकेसवर असा ठेवा की दार आणि त्यासमोरची जागा त्यात दिसेल, त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या मोबाइलला व्हिडिओ कॉल लावा, तुमच्याकडचा आवाज बंद ठेवा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. ही धास्ती असलेल्या कुत्र्यांचा सर्वाधिक त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या ते पाऊण तासातच दिसून येतो, त्यामुळे तेवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आणि तो फार घाबरला तर पाच-दहा मिनिटांतच परत फिरा, आपल्याला परीक्षा घ्यायची नाही. विव्हळणे तर कानावर येईलच, पण त्याच्या आधीचे पाहा: उकाडा नसताना धापा टाकणे, वारंवार जांभई, जिभेने नाक चाटणे, मागे पडलेले कान, दार आणि खिडकी यांच्यात सतत येरझाऱ्या, दाराच्या फटीला नाक लावून ताठ उभे राहणे, आणि जाताना ठेवलेल्या आवडत्या बिस्किटाला तोंडही न लावणे. यांतले पहिले चिन्ह तुम्ही गेल्यापासून कितव्या सेकंदाला दिसते, ते वहीत लिहून ठेवा. तो आकडा ४० सेकंद असो किंवा ४ मिनिटे, पुढचे सारे काम त्याच आकड्यापासून सुरू होते.

आपल्याकडे यावर एक सर्रास दिला जाणारा सल्ला आहे: रडू दे दोन-चार दिवस, आपोआप सवय होईल. मी स्वतःही एके काळी असे सांगत असे आणि त्याची मला आजही खंत वाटते. भीती सोसत राहिल्याने तिची सवय होत नाही; रोज आठ तास घाबरलेला कुत्रा घाबरण्यातच तरबेज होतो. उलट, भीती सुरू होण्याच्या आत तुम्ही परत आलात आणि हे शेकडो वेळा घडले, तर ‘दार बंद होते, मग उघडते’ ही गोष्ट त्याच्या लेखी रोजच्या दूधवाल्याइतकी साधी होऊन जाते. म्हणून या शिकवणीत घड्याळ खंड्याच्या भीतीप्रमाणे लावायचे, तुमच्या ऑफिसच्या वेळेप्रमाणे नाही.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सविस्तर सांगते. पहिले दोन-तीन दिवस मुख्य दाराकडे जाऊच नका. खंड्या गादीवर निवांत पडलेला असताना उठा, बाथरूममध्ये जा, दार लावा, पाच सेकंदांनी उघडून बाहेर या आणि काही विशेष घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा आपल्या जागी बसा. तो मागोमाग आला तर हाकलू नका. पुन्हा पडेपर्यंत थांबा आणि मग पुन्हा करा. हे त्याला निरर्थक वाटू लागले, म्हणजे तो डोके न उचलता नुसते डोळे फिरवून पाहू लागला, की मुख्य दाराशी या. तिथे आधी फक्त कडी काढायची आणि परत लावायची. मग दार उघडायचे आणि बंद करायचे, बाहेर न जाता. मग एक पाऊल बाहेर, दार लोटायचे आणि लगेच आत. त्यानंतर बाहेर थांबण्याची वेळ वाढवायची, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकसारखी चढती नाही, नाहीतर दर वेळी आधीपेक्षा अधिक कठीण काहीतरी येणार हे त्याला लगेच उमगते. ३ सेकंद, ८, ५, १५, ४, २०, १० असे पुढे-मागे करत राहा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक सराव नको, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्या, त्याला आणि स्वतःलाही.

तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता, हे इथे महत्त्वाचे आहे. खंड्या कानाने तुमच्या मागे जिना उतरत असतो. तुम्ही स्कूटीने जात असाल, तर पार्किंगमध्ये ती सुरू झाल्याचा आवाज त्याला ओळखता येत असणार आणि त्याच्यासाठी ‘गेली’ याचा खरा शिक्का तोच असण्याची शक्यता आहे. म्हणून दाराबाहेर दोन-तीन मिनिटे तो शांत राहू लागला की पुढचा टप्पा वेळेचा न ठेवता अंतराचा ठेवा: अर्धा जिना उतरून परत, मग पूर्ण जिना, मग स्कूटीपर्यंत, मग स्कूटी सुरू करून बंद करायची आणि परत वर. या प्रत्येक नव्या टप्प्यावर वेळ पुन्हा काही सेकंदांवर आणायची. इमारतीतले लोक बघत राहतील. वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पर्स, हेल्मेट आणि किल्ली यांचेही असेच आहे. तुम्ही किल्ली उचलली की त्याचा चेहरा बदलत असेल, तर दिवसातून कधीतरी किल्ली उचलून स्वयंपाकघरात चहा करायला जा, हेल्मेट हातात घेऊन बातम्या बघत बसा, पर्स खांद्याला लावून भाजी निवडा. मात्र याचा अतिरेक करू नका. काही कुत्रे किल्लीच्या प्रत्येक खणखणाटाने दिवसभर सावध राहू लागतात आणि मग फायद्यापेक्षा तोटाच होतो; तसे दिसले तर ते सोडून द्या आणि दाराच्या सरावावरच भर ठेवा.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. हा सराव चालू असेपर्यंत खंड्याला त्याच्या सोसण्यापलीकडे एकटे ठेवायचे नाही. सकाळी वीस सेकंदांचा सराव करून दहा वाजता आठ तासांसाठी निघून गेलात, तर सकाळची शिकवण पाण्यात जाते. माझ्याकडून हेच झाले होते. आमची कुत्री पंचवीस मिनिटे छान राहू लागली होती. त्याच आठवड्यात इचलकरंजीत जवळच्यांचे लग्न निघाले आणि ‘पंचवीस जमतात तर चार तासही जमतील’ असे म्हणून आम्ही तिला ठेवून गेलो. परत आलो तेव्हा तिचे पुढच्या पायाचे नख मुळापासून तुटलेले होते आणि दाराच्या खालच्या भागावर रक्ताच्या रेघा होत्या. त्यानंतर पुन्हा बाथरूमच्या दारापासून सुरुवात करावी लागली आणि तिला तो आधीचा आकडा गाठायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले.

नोकरी सोडा असे मी अजिबात सांगणार नाही. पण दीड-दोन महिन्यांसाठी माणसांची जुळवाजुळव होते का ते बघा. सासूबाईंना थोड्या दिवसांसाठी परत येता येईल का, हे संकोच न करता विचारा. खंड्याची आठवण त्यांनाही येत असेलच. यजमानांची पाळी बदलता येत असेल तर तुमच्या दोघांच्या वेळेतला रिकामा तुकडा कमी होईल. तोच तुकडा शेजारच्या निवृत्त काकांनी किंवा अभ्यासाला शांत जागा शोधणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलीने भरून काढला तरी चालते. बऱ्याच कुत्र्यांना घरात कोणीतरी माणूस असले की पुरते, तुम्हीच असले पाहिजे असा त्यांचा हट्ट नसतो. खंड्याचे कसे आहे ते एका सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासाने कळेल. कोल्हापुरात अजून तरी शेजाऱ्याच्या घरी तासभर बसायला कोणाला अवघड वाटत नाही. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांकडेही आधी तुम्हीच जा, काय उपाय चालू आहे ते सांगा, आणि कोणत्या वेळी आवाज आला ते त्यांनाच कळवायला सांगा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही हे खरे, पण दुपारी झोपमोड झालेल्या माणसापुढे परिपत्रक धरण्यात काही शहाणपण नाही.

गच्चीवरच्या साखळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बिलकूल नको. दारामागे जी भीती आहे तीच गच्चीवर असते, वर ऊन-पाऊस असतो, आणि घाबरलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारून साखळीला लटकण्याचा धोका असतो. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हा गुन्हा आहे. पिंजऱ्यात कोंडण्याचेही तेच. ज्याला पिंजऱ्याची सवय नाही तो दात आणि नखे मोडून घेतो. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे बाजारात मिळतात, त्यांनी आवाज बंद होतो आणि भीती वाढते. दिरांना म्हणावे, खंड्याला ओढ माणसांची आहे. दुसरे पिल्लू आणल्यावर ती जाईलच असे नाही, आणि एकाऐवजी दोघे मिळून रडू लागले तर शेजाऱ्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

गोळीचा विषय मात्र एका वाक्यात झटकण्यासारखा नाही. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देणे धोक्याचे आहे, आणि काही शामक औषधांनी अंग तेवढे लुळे पडते, आतली घबराट तशीच राहते. पण दाराला हात लावताच खंड्या थरथरत असेल, सरावाचा पहिला टप्पाही जमत नसेल किंवा तो स्वतःला इजा करून घेत असेल, तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल मोकळेपणाने बोला. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधे याच त्रासासाठी कुत्र्यांना दिली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्हींना या कारणासाठी मान्यता दिलेली आहे. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, ती मनाने बंद करायची नसतात, आणि त्यांच्या जोडीला दाराचा सराव चालू ठेवावाच लागतो. औषध दिले म्हणजे आपण हरलो, असे मानण्याचे कारण नाही.

खाण्याचे थोडक्यात. जाताना चाटायला किंवा चघळायला काही दिले तर कुत्रा शांत होतो हे खरे आहे. पसरट वाटीत दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा कुस्करून फ्रीजरमध्ये गोठवला तर वीस मिनिटे सहज जातात. पण तो खाऊ संपला की भीती सुरू होते असे व्हिडिओत दिसले, तर खाऊने फक्त वेळ मारून नेली असे समजा. आणि कौतुकाने पांढऱ्या रश्श्यातले हाड कधीही देऊ नका: शिजलेले हाड टोकदार तुकड्यांत फुटते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो. आपल्या रश्श्यात ते किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

सकाळी फिरवताना त्याला भराभर ओढत नेण्यापेक्षा रंकाळ्याच्या काठाने अर्धा तास मनसोक्त वास घेऊ द्या. हुंगण्यानेही कुत्रा दमतो, आणि दमून परतल्यावर तासाभराने केलेला सराव सहसा चांगला होतो. पावसाची झड असेल त्या दिवशी जुन्या टॉवेलच्या घड्यांत बिस्किटाचे तुकडे लपवून त्याला घरातच शोधायला लावले तरी चालेल. तुम्ही घरी असताना तो सावलीसारखा मागे फिरत असेल तर त्याला झिडकारू नका. मात्र त्याची गादी तुमच्यापासून रोज वीतभर दूर सरकवत जा आणि तिथे शांत बसल्यावर खाऊ गादीवरच नेऊन द्या.

किती दिवस लागतील, असे तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल. ढोबळ अंदाज असा: शांतपणे ४० मिनिटांपर्यंत पोहोचायलाच सर्वाधिक वेळ लागतो, कधी तीन-चार आठवडे, कधी काही महिने. ते जमले की पुढे पाच-पाच, मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवता येते, आणि जो कुत्रा दीड तास निवांत झोपतो तो बहुधा तीन-चार तासही राहतो. तुमचे आठ तास मात्र कोणत्याही कुत्र्याला सलग एकट्याने मोठेच आहेत. खंड्या बरा झाल्यावरही दुपारी कोणीतरी येऊन त्याला खाली फिरवून आणेल, अशी सोय कायमची करा.

गणपती तोंडावर आले आहेत. मिरवणुकांच्या आवाजाची भीती ही निराळी असते, पण ती एकटेपणाच्या भीतीला येऊन चिकटते आणि मग दोन्ही सोडवणे कठीण होते. म्हणून आगमन आणि विसर्जन या दोन दिवशी सराव पूर्ण बंद ठेवा, घरी एक माणूस राहू द्या, खिडक्या लावून पंखा चालू असलेल्या आतल्या खोलीत त्याची गादी टाका, आणि सरावाचा पुढचा दिवस आदल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरू करा.

दारापाशी लघवी झालेली जागा फिनेलने पुसू नका. फिनेल कुत्र्यांना अपायकारक असते आणि वरचा उग्र वास उडाला की खालचा त्याचा वास त्याला पुन्हा येतोच. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेले क्लीनर मिळते, ते वापरा. चौकटीच्या निघालेल्या ढलप्या आजच पॉलिश पेपरने घासून टाका, म्हणजे त्याच्या हिरड्यांत आणि पंजात जाणार नाहीत. सुताराला बोलावून नवी पट्टी मारून घेण्याची घाई मात्र नको. जोवर वहीत सलग दोन आठवडे एकही नवा ओरखडा लिहावा लागत नाही, तोवर ती जुनीच राहू द्या.

तुमची,
सल्लागार